बीबीसी रेडिओचा १९५० मधला एक दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. कोणी त्या काळावर कथा लिहीत असतं, कोणाला नाटकात पार्श्वभूमीला रेडिओ लावायचा असतो, कोणाच्या घरात इंग्लंडहून आलेला जुना सेट असतो. वेगळं काही म्हटलेलं नसेल तिथे १९५० च्या शरद ऋतूतला, कामाच्या दिवसाचा, लंडन भागातला रेडिओ धरला आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. तेव्हा ब्रिटनमध्ये किती रेडिओ वाहिन्या होत्या?

देशातल्या श्रोत्यांसाठी तीन, आणि तिन्ही बीबीसीच्या: होम सर्व्हिस, लाइट प्रोग्राम आणि थर्ड प्रोग्राम. देशात खासगी रेडिओला परवानगी नव्हती आणि बीबीसीवर जाहिराती नव्हत्या. संध्याकाळी रेडिओ लक्झेंबर्गचे जाहिरातींसकट इंग्रजी कार्यक्रम समुद्रापलीकडून ऐकू यायचे, पण ते परदेशी केंद्र होतं.

होम सर्व्हिस १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाली. युद्ध दारात आलं म्हणून त्याआधीच्या दोन सेवा एकत्र करून ती केली होती. लाइट प्रोग्राम २९ जुलै १९४५ चा आणि थर्ड २९ सप्टेंबर १९४६ चा. १९३९ च्या आधीच्या किंवा युद्धातल्या प्रसंगात 'लाइट प्रोग्राम लावला' असं लिहिलं तर ती सरळ चूक आहे. युद्धातली हलकीफुलकी वाहिनी म्हणजे १९४० मध्ये आलेला फोर्सेस प्रोग्राम.

२. तिन्हींत फरक काय? आणि तीनच का?

ढोबळ ओळख अशी: लाइटवर गाणी, वाद्यवृंद, विनोद, मालिका. होमवर बातम्या, भाषणं, नाटकं, शाळांचे आणि मुलांचे कार्यक्रम, प्रार्थना, प्रादेशिक कार्यक्रम. थर्डवर पूर्ण लांबीचे ऑपेरा, नवं संगीत, कविता, विद्वानांची व्याख्यानं.

यामागे तेव्हाचे महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती. त्यांच्या मते समाज एखाद्या पिरॅमिडसारखा आहे, पायाशी लाइट, मध्ये होम, टोकाला थर्ड, आणि श्रोत्याने हळूहळू वर चढावं. म्हणून लाइटवर अधूनमधून एखादी सिंफनी मुद्दाम पेरलेली असे. श्रोते मात्र हेलींच्या जिन्यावरून चढले नाहीत. लाइटचा श्रोतृवर्ग सर्वात मोठा राहिला आणि थर्डचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या पुढे फारसा गेला नाही. तरीही थर्ड वाया गेला असं म्हणणं चुकीचं आहे. डिलन टॉमस यांचं 'अंडर मिल्क वुड' जानेवारी १९५४ मध्ये पहिल्यांदा थर्डवरच ऐकू आलं.

३. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय लागायचं? क्रमाने सांगा.

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. उत्तर वाचताना एकाच वाहिनीच्या मागे जाऊ नका. त्या वेळी दुसऱ्या वाहिनीवर काय होतं ते शेजारी ठेवलं की दिवसाची घडी कळते.

सकाळी फक्त होम. लाइट नऊला सुरू व्हायचा आणि थर्ड संध्याकाळी सहाला. त्यामुळे न्याहारीच्या वेळी सगळं राष्ट्र एकच आवाज ऐकायचं: सातच्या आणि आठच्या बातम्या, हवामान, आणि त्यांच्यामध्ये आठला दहा मिनिटं असताना 'लिफ्ट अप युअर हार्ट्स' हे छोटं धार्मिक चिंतन. सव्वादहाला होमवर रोजची प्रार्थना, जी १९२८ पासून चालत आली होती.

नऊ वाजता लाइट उघडला की बातम्या, आणि नऊ दहाला 'हाउसवाइव्ज चॉइस'. पत्राने आलेल्या फर्माइशींची रेकॉर्ड वाजवायची, निवेदक दर काही दिवसांनी बदलायचा. नवरा कामाला आणि मुलं शाळेत गेली, आता बाई भांडी घासतेय, हे गृहीत धरलेलं. साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'ची पहिली पाळी (प्रश्न ५). अकराला आदल्या दिवशीच्या 'मिसेस डेल्स डायरी'चं पुनःप्रसारण.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होमवर आठवड्यातून तीनदा 'वर्कर्स प्लेटाइम'. हा कारखान्याच्या कँटीनमधून थेट यायचा, दोन पियानो, एक गायिका, एक विनोदी नट एवढ्या लवाजम्यावर. एकला होमवर बातम्या.

पावणेदोनला लाइटवर 'लिसन विथ मदर': पंधरा मिनिटं, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बडबडगीतं आणि एक गोष्ट. 'नीट बसलात ना? मग मी सुरुवात करते' या अर्थाचं त्यातलं वाक्य ब्रिटनच्या दोन पिढ्यांना पाठ आहे. हा कार्यक्रम जानेवारी १९५० चा, म्हणजे आपल्या दिवशी तो अगदी नवा होता. लगेच दोनला 'वुमन्स अवर'. पोराला मांडीवर घेऊन गोष्ट ऐकवायची, मग ते झोपलं की आईने स्वतःचा कार्यक्रम ऐकायचा, अशी ही जोडणी. त्याच वेळी होमवर शाळांचे पाठ चालू असायचे, कारण वर्गातला रेडिओ आणि घरातला रेडिओ एकमेकांच्या आड येत नव्हते.

साडेतीन-पावणेचारच्या सुमारास 'म्युझिक व्हाइल यू वर्क'ची दुसरी पाळी, चारला 'मिसेस डेल्स डायरी'चा नवा भाग. लंडनच्या उपनगरातल्या डॉक्टरच्या बायकोच्या घरच्या गोष्टी. पाचला होमवर 'चिल्ड्रन्स अवर', मुलं शाळेतून येऊन चहाला बसली की.

सहाला होमवर बातम्या आणि थर्डची सुरुवात. पावणेसातला लाइटवर 'डिक बार्टन', पंधरा मिनिटांचा धावता थरार, रोज शेवटी नायक नव्या संकटात. सातला 'रेडिओ न्यूजरील'. पुढे आठ ते दहा ही विनोदाची आणि नाटकाची वेळ: 'टेक इट फ्रॉम हिअर', किंवा जून १९५० मध्ये आलेला 'एज्युकेटिंग आर्ची'. या दुसऱ्यात मुख्य पात्र बोलक्या बाहुल्याचं होतं. रेडिओवर बाहुली दिसत नाही तरी लाखो लोक ऐकत होते, कारण विनोद बाहुलीच्या ओठांत नव्हता, आर्चीच्या उर्मट बोलण्यात होता.

नऊला होमवर बिग बेनचे टोले आणि मुख्य बातम्या. अकराला लाइटवर 'अ बुक अॅट बेडटाइम', कादंबरीचं क्रमशः वाचन. अकरानंतर काही मिनिटांत होम बंद, मध्यरात्री लाइट आणि थर्ड बंद. रात्रभर प्रसारण नव्हतं. पहाटे तीनला पात्राने बीबीसीची गाणी ऐकली असं लिहू नका.

४. मग 'द आर्चर्स' कुठे आहे?

शेतकरी कुटुंबावरची ही रेडिओ मालिका १९५० मध्ये नाही. मे १९५० मध्ये मिडलँड विभागात आठवडाभराचा चाचणी प्रयोग झाला होता. देशभर तो १ जानेवारी १९५१ पासून, सुरुवातीला दुपारी बाराला पंधरा मिनिटं असताना. ईस्टरच्या सुमारास 'डिक बार्टन' संपला आणि पावणेसातची मोक्याची जागा आर्चर कुटुंबाला मिळाली. दोन्ही मालिकांचे मूळ लेखक तेच: जेफ्री वेब आणि एडवर्ड मेसन.

कल्पना गॉडफ्री बेसली यांची. युद्ध संपलं तरी रेशनिंग चालू होतं, उत्पादन वाढवायचं होतं, आणि शेतकरी सरकारी सल्ल्याची भाषणं ऐकत नव्हते. म्हणून कृषी खात्याच्या सल्ल्याने ती माहिती एका शेतकरी कुटुंबाच्या गप्पांत घातली.

५. 'म्युझिक व्हाइल यू वर्क'मध्ये नियम होते असं ऐकलं. कसले?

कार्यक्रम २३ जून १९४० ला सुरू झाला. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्याने माघार घेतल्यानंतरचे दिवस, कारखाने पाळ्यांवर चालत होते, आणि एकसुरी कामात मन टिकवायला संगीत लागतं असा अनुभव होता. कारखान्यांत तो भिंतीवरच्या भोंग्यांतून वाजायचा. सगळे नियम त्या भोंग्यातून आणि यंत्रांच्या घरघरीतून आले आहेत:

अर्धा तास सलग वादन, मध्ये निवेदन नाही. आवाजाची पातळी एकसारखी, कारण हळुवार जागा यंत्रांच्या आवाजात बुडतात आणि अचानक मोठा झालेला स्वर भोंग्यात फाटतो. चाल ओळखीची आणि स्पष्ट, म्हणजे गुणगुणता येईल. फार संथ गाणी नकोत, झोप येते. ड्रमच्या कडेवर मारलेला खणखणीत ठोका नको, तो गोळीसारखा वाटतो. एका अमेरिकन गाण्यात चार टाळ्या येतात. कामगार टाळ्यांऐवजी हातातल्या हत्याराने यंत्रावर ठोके देऊ लागले, तेव्हा ते गाणं बंद केलं.

नाटकात हा कार्यक्रम वापरायचा असेल तर दोन गाण्यांमध्ये निवेदकाचं वाक्य घालू नका. ती चूक जाणकाराला लगेच कळते.

६. गाण्यांच्या रेकॉर्ड असताना एवढे वाद्यवृंद स्टुडिओत का बोलवायचे?

रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारानुसार आठवड्याला ठरावीक तासच व्यावसायिक रेकॉर्ड वाजवता येत. त्याला तिथे 'नीडल टाइम' म्हणत, म्हणजे सुई रेकॉर्डवर टेकलेली असण्याचा वेळ. कंपन्यांना भीती होती की फुकट ऐकायला मिळालं तर रेकॉर्ड कोणी घेणार नाही, आणि वादकांच्या संघटनेला कामं जाण्याची.

परिणाम असा की 'हाउसवाइव्ज चॉइस'सारखे मोजके कार्यक्रम तो कोटा खायचे आणि बाकीचा दिवस जिवंत वादनाने भरावा लागायचा. एखादं लोकप्रिय गाणं दिवसात पाच वेळा ऐकू आलं तर बहुधा पाच वेगवेगळ्या वाद्यवृंदांकडून.

७. म्हणजे सगळं थेट प्रसारण होतं? रेकॉर्डिंग मिळतील का?

बरंचसं थेट. रेकॉर्डिंग होत होतं, पण मुख्यतः लाखेसारखा थर दिलेल्या डिस्कवर. बारा इंची डिस्क ७८ च्या वेगाने फिरवली तर एका बाजूला साधारण चार मिनिटं बसतात. लांब कार्यक्रमाला मोठ्या, ३३⅓ च्या वेगाच्या डिस्क लागायच्या. चुंबकीय टेप याच सुमारास रुळू लागली होती. ती महाग होती म्हणून पुसून पुन्हा वापरायचे.

त्यामुळे १९५० चा एक सबंध दिवस सलग ऐकायला मिळणार नाही. आज जे विनोदी कार्यक्रम ऐकायला मिळतात त्यांपैकी बरेच बीबीसीच्या ट्रान्स्क्रिप्शन विभागाने परदेशी केंद्रांना पाठवलेल्या डिस्कवरून आलेले आहेत. त्या प्रतींतून त्या आठवड्याचे संदर्भ कापलेले असतात, कारण ऑस्ट्रेलियातल्या श्रोत्याला ते वर्षभराने ऐकायचे असत. तुमच्या प्रतीची लांबी छापील वेळेपेक्षा काही मिनिटं कमी भरली तर कारण बहुधा हेच.

८. बातम्यांआधी पिप वाजायचे की बिग बेन?

दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. पिप म्हणजे ग्रिनिचचा वेळेचा इशारा, ५ फेब्रुवारी १९२४ पासून. सहा टिंब, एकेका सेकंदाच्या अंतराने. सहाव्याची सुरुवात म्हणजे बरोबर तास.

१९५० मध्ये सहाही पिप सारख्याच लांबीचे होते. शेवटचा लांब पिप ३१ डिसेंबर १९७१ ला आला. पन्नासच्या दशकातल्या प्रसंगाला आजची ध्वनिफीत लावली की ही चूक हमखास होते. फीत वापरायचीच असेल तर शेवटचा पिप कापून इतरांएवढा करा.

रात्री नऊला होमवर बिग बेन. तो मायक्रोफोन लावून थेट घड्याळावरून यायचा. आधी चाल, मग मोठे टोले, आणि पहिला टोला म्हणजे तास. थेट असल्यामुळे घड्याळ चुकलं तर सगळ्या देशाला कळायचं. ऑगस्ट १९४९ मध्ये पक्ष्यांचा थवा मिनिटकाट्यावर बसला आणि घड्याळ साडेचार मिनिटं मागे पडलं.

९. निवेदक स्वतःचं नाव सांगायचे का?

युद्धात सांगायचे. शत्रूने खोटं प्रसारण केलं तर ओळखता यावं म्हणून 'बातम्या वाचत आहेत अमुक' ही पद्धत १९४० मध्ये सुरू झाली. युद्ध संपल्यावर ती बंद झाली. म्हणून १९५० च्या बातम्यांत वाचकाचं नाव घालू नका.

उच्चार दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांचा. १९४१ मध्ये विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्या वाचायला बसवलं, तेव्हा त्यांच्या यॉर्कशरच्या बोलीवरून मोठा वाद झाला. तेच पिकल्स पुढे 'हॅव अ गो' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरले आणि त्याच बोलीमुळे लोकांना आपले वाटले.

१०. विनोदावर सेन्सॉर होता का?

होता, आणि लेखी होता. १९४८ मध्ये करमणूक विभागाने लेखक-निर्मात्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्या वेष्टनावरून तिला 'ग्रीन बुक' म्हणत. शौचालय, बायकी पुरुष, मधुचंद्राची जोडपी, हॉटेलातल्या मोलकरणी, अंजिराची पानं, बायकांची अंतर्वस्त्रं यांवर विनोद चालणार नाही असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. फिरते विक्रेते आणि भाडेकरू हेही त्याच यादीत.

लेखक त्यामुळे शब्दांच्या कोट्यांकडे आणि विचित्र आवाजांकडे वळले. मे १९५१ मध्ये सुरू झालेला 'द गून शो' ऐकला की बंदीच्या भिंतीवरून विनोद कसा उडी मारतो ते कळतं.

'डिक बार्टन'लाही वेगळी आचारसंहिता होती: नायक दारू पिणार नाही, शिव्या देणार नाही. मुलं ऐकत होती.

११. आणि राजकारणावर?

'चौदा दिवसांचा नियम' होता. जो विषय पुढच्या पंधरवड्यात संसदेत चर्चेला येणार असेल त्यावर रेडिओवर चर्चा करायची नाही, म्हणजे संसदेच्या आधी मायक्रोफोनवर वाद होऊ नये. बीबीसीने हे बंधन १९४४ मध्ये स्वतःवर घालून घेतलं, १९५५ मध्ये सरकारने ते लेखी आदेश करून लादलं, आणि सुएझ कालव्याच्या संकटात त्याचा निरर्थकपणा उघडा पडल्यावर डिसेंबर १९५६ मध्ये ते स्थगित झालं. १९५० च्या एखाद्या चर्चेत त्या आठवड्याचा सर्वात ज्वलंत विषयच गायब असेल तर आधी हा नियम आठवा.

१२. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा? किती पैसे?

हो. टपाल कार्यालयातून वर्षाला एक पौंड. १ जून १९४६ च्या आधी दहा शिलिंग. टीव्ही असेल तर दोन्हींचा मिळून दोन पौंड. अंधांना रेडिओचा परवाना मोफत. मोटारीतल्या रेडिओला वेगळा परवाना. १९५० मध्ये रेडिओचे परवाने सुमारे १ कोटी १८ लाख होते आणि टीव्हीचे जेमतेम साडेतीन लाख. फक्त रेडिओचा परवाना १९७१ मध्ये रद्द झाला. भारतातही आकाशवाणीसाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागत होता, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नवं वाटणार नाही.

१३. खेड्यात वीज नव्हती तिथे काय करायचे?

बॅटरीचा सेट. त्याला दोन वेगळे पुरवठे लागतात. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा) तंतू तापवायला दोन व्होल्टचा काचेच्या भांड्यातला आम्लाचा संचायक, आणि व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च दाबासाठी ९० किंवा १२० व्होल्टची कोरडी बॅटरी. काही सेटना ग्रिड बायससाठी (व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीला ठरावीक दाब द्यायला) तिसरी छोटी बॅटरीही असे.

संचायक साधारण आठवड्या-पंधरवड्याने उतरायचा. मग तो सायकलच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये चार्ज करायला न्यायचा. शहाणी घरं दोन ठेवायची, एक दुकानात आणि एक सेटवर. तो पूर्ण उतरू दिला तर पत्र्यांवर पांढरा थर चढतो आणि नंतर तो भरत नाही. आम्ल सांडून गालिचे आणि कोट जळायचे.

बिघाड ओळखायची खूण: आवाज हळूहळू विझत गेला तर संचायक उतरलाय, आवाज फाटका येऊ लागला तर मोठी बॅटरी. सर्वात महाग चूक म्हणजे १२० व्होल्टची तार दोन व्होल्टच्या जागी लावणं. एका क्षणात सगळे व्हॉल्व्ह जातात.

काही शहरांत तारेने घराघरात रेडिओ देणाऱ्या कंपन्या होत्या. घरात फक्त भोंगा आणि वाहिनी बदलायचं बटण. त्या कुटुंबाला डायल फिरवता येत नसे, हे लिहिताना लक्षात ठेवा.

१४. जुन्या डायलवर मीटर लिहिलेत. किलोहर्ट्झ कसे काढायचे?

३,००,००० ला मीटरने भागा. १५०० मीटर म्हणजे २०० किलोहर्ट्झ. तेव्हा किलोहर्ट्झला किलोसायकल म्हणत.

अडचण अशी की युरोपातल्या केंद्रांची नवी वाटणी १५ मार्च १९५० ला अमलात आली आणि बहुतेक आकडे सरकले. लंडनची होम सर्व्हिस ३४२ मीटरवरून ३३० वर गेली. लाइटचं मध्यम लहरीवरचं स्थान २६१ वरून २४७ वर. थर्ड ४६४ आणि १९४ मीटरवर आला. लाइटची १५०० मीटरची दीर्घ लहर मात्र जागची हलली नाही. प्रक्षेपक मध्य इंग्लंडमधल्या ड्रॉइटविचचा, आणि दीर्घ लहर जमिनीलगत दूरवर जात असल्याने समुद्रातल्या जहाजांसाठीचं हवामान याच लहरीवर देत. डायलवर लंडनच्या खुणेला ३४२ असेल तर सेट मार्च १९५० च्या आधीचा.

युद्धाच्या शेवटी, १९४४ मध्ये, सरकारने ठरवून दिलेल्या एकाच आराखड्याचा साधा सेट अनेक कारखान्यांनी बनवला. विजेवरच्या सेटची किंमत १२ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स. त्यात फक्त मध्यम लहर होती, म्हणून त्या घरात लाइट १५०० मीटरवर लागणारच नाही.

१५. विशिष्ट तारखेला काय लागलं होतं ते कसं शोधू?

'रेडिओ टाइम्स' या बीबीसीच्या साप्ताहिकातल्या याद्या 'बीबीसी जिनोम' या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. १९५० मध्ये त्याचा खप ऐंशी लाखांच्या घरात होता. पद्धत अशी: आधी तारखेचा वार काढा, मग लाइट, होम आणि थर्डची यादी वेगवेगळी उघडा आणि एका कागदावर तीन रकाने करून वेळेप्रमाणे मांडा. सबंध दिवस असाच दिसतो, शोधाच्या चौकटीत एकेक नाव टाकून दिसत नाही.

चार गोष्टी सांभाळा. तेव्हा अंकाचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा. यादी छापताना ठरलेली आहे, प्रत्यक्षात बदल झालेला असू शकतो (प्रश्न १८). यंत्राने वाचलेल्या मजकुरात नावं आणि आकडे चुकतात, म्हणून पानाचं चित्र असेल तर ते पाहा. आणि होमची यादी बहुधा लंडन आवृत्तीची असते, त्याबद्दल पुढचं उत्तर.

१६. माझी कथा न्यूकॅसलला घडते. तिथे लंडनचेच कार्यक्रम लागायचे का?

लाइट आणि थर्ड सगळीकडे सारखे (थर्ड सगळीकडे नीट पोचत नसे). होम सर्व्हिसचे मात्र विभाग होते: लंडन, मिडलँड, उत्तर, पश्चिम, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड. मुख्य बातम्या लंडनच्या, पण सहानंतरच्या स्थानिक बातम्या, शेतीचे, बोलीतले, स्थानिक नाटकांचे कार्यक्रम आपापले. 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम' उत्तर विभागात जन्मला, 'एनी क्वेश्चन्स' पश्चिमेत.

न्यूकॅसल हा यातला सर्वात चमत्कारिक अपवाद. लहरी कमी पडल्याने इंग्लंडचा ईशान्य कोपरा आणि उत्तर आयर्लंड यांना एकच लहर वाटून दिली होती, आणि ती अवस्था १९६३ पर्यंत टिकली. न्यूकॅसलच्या खाण कामगाराच्या घरात बेलफास्टच्या बातम्या लागल्या तर ती लेखकाची चूक नाही. तिथले लोक याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत होते.

१७. रविवार वेगळा असायचा का?

बराच. बीबीसीचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांच्या काळात रविवार जवळजवळ प्रार्थनेचाच होता. युद्धात सैनिकांसाठी हलके कार्यक्रम रविवारीही सुरू झाले आणि ते परत मागे घेता आले नाहीत. १९५० मध्ये लाइटवर दुपारी बारानंतर 'फॅमिली फेव्हरिट्स': घरच्यांची आणि जर्मनीत तैनात सैनिकांची एकमेकांसाठीची गाणी, लंडन आणि हॅम्बुर्ग इथून जोडून. मग दीडला बिली कॉटन यांचा दणदणीत वाद्यवृंद. रविवारचं भाजलेलं मांस भट्टीत असताना हे दोन कार्यक्रम चालायचे, म्हणून त्या पिढीला ती गाणी वासासकट आठवतात.

१८. ठरलेला दिवस कधी मोडायचा?

तीन प्रकारे. रोजचा प्रकार म्हणजे थर्ड. तिथे मैफल लांबली तर लांबू द्यायची आणि लवकर संपली तर पुढच्या कार्यक्रमापर्यंत शांतता, त्यामुळे मिनिटाचा हिशोब लावू नका.

दुसरा संकटाचा. फेब्रुवारी १९४७ च्या कडाक्याच्या थंडीत कोळसा संपला, तेव्हा वीज वाचवायला थर्ड आणि टीव्ही काही काळ बंद ठेवले आणि होम-लाइटच्या वेळा छाटल्या.

तिसरा राष्ट्रीय शोकाचा. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजे सहावे जॉर्ज वारले. सव्वाअकराला जॉन स्नॅग यांनी घोषणा केली आणि त्यानंतर बातम्या, जहाजांसाठीचं हवामान अशा मोजक्या गोष्टी सोडून प्रसारण बंद ठेवलं. त्या दिवशी दुपारी 'वुमन्स अवर' लागला असं लिहिलं तर छापील यादीशी जुळेल, पण घडलेल्याशी नाही.

१९. हे कार्यक्रम मुंबई-पुण्यात ऐकू यायचे का?

होम, लाइट आणि थर्ड नाही. मध्यम आणि दीर्घ लहर एवढ्या दूर येत नाही. इथे लागायची ती लघुलहरीवरची परदेशासाठीची सेवा. तिचं वेळापत्रक वेगळं, पण देशातले काही कार्यक्रम तिच्यावर यायचे.

भारतीय भाषांतलं प्रसारण ११ मे १९४० ला हिंदुस्थानीपासून सुरू झालं, आणि युद्धाच्याच काळात बीबीसी मराठीतही बोलू लागली. ते मराठी प्रसारण १९५८ मध्ये बंद झालं. २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी ही डिजिटल काळातली नवी सेवा. भारतासाठीच्या विभागात १९४१ ते १९४३ जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होते. उलट दिशेनेही माणसं आली. १९३५ मध्ये भारताच्या प्रसारणाचे पहिले नियंत्रक झालेले लायोनेल फील्डन बीबीसीतून आले होते.

आकाशवाणी मुंबईवरच्या 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', 'आपली आवड' यांची नावं वाचताना वरचे कार्यक्रम आठवतात. ऐकणारा त्या वेळी कुठे आहे आणि त्याचे हात कशात गुंतलेत, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता.

२०. त्या वेळा भारतीय वेळेत कशा मांडायच्या?

हिवाळ्यात साडेपाच तास मिळवा, उन्हाळी वेळ चालू असेल तर साडेचार. रात्री नऊच्या बातम्या हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे अडीचला, उन्हाळ्यात दीडला. १९४७ चा उन्हाळा जपून हाताळा. त्या वर्षी १३ एप्रिल ते १० ऑगस्ट ब्रिटनमध्ये घड्याळ दोन तास पुढे होतं, त्यामुळे फरक साडेतीन तासच. १५ ऑगस्ट १९४७ त्या काळात येत नाही. तेव्हा एक तासाची उन्हाळी वेळ होती, फरक साडेचार तास.

२१. घरात त्या काळातला ब्रिटिश व्हॉल्व्ह सेट आहे. प्लग लावून पाहू का?

सरळ लावू नका. आतले कागदी कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत गळके झालेले असतात. पूर्ण दाब दिला की आउटपुट व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी पाठ उघडा, सेटवरची व्होल्टेजची खूण तपासा (२०० ते २५० पर्यंत टप्पे असतात, आपल्याकडे २३० च्या जवळचा घ्या), गळके कंडेन्सर बदला, आणि पहिल्यांदा सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा बल्ब लावून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या सेटमध्ये धातूचा सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर सांगाड्यात २३० व्होल्ट येतात. बटणाची खोबणीतली स्क्रू उघडी असेल तर तिला हात लागूनही झटका बसतो. अशा सेटला अर्थिंगची तार जोडायची नाही. चालू करून पाहायचाच असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

सगळं ठीक असेल तर आवाज यायला अर्धा मिनिट लागतो, व्हॉल्व्ह तापावे लागतात. दीर्घ लहरीवर भारतात काही लागणार नाही. मध्यम लहरीवर रात्री, पाच-सहा मीटर तार उंचावर एरियल म्हणून बांधली, तर दूरची केंद्रंही येतात.